टीव्ही घेताय? आधी टेप घ्या!

दोस्तांनो, घरात नवा टीव्ही घ्यायचं ठरलं की काय काय होतं, आठवून बघा. बाबा वर्तमानपत्रातली जाहिरात घडी घालून खिशात ठेवतात. आई पासबुकात डोकं घालून बसते. आजी म्हणते, ‘‘अरे, आहे तो काय वाईट आहे? चित्र दिसतंय की!’’ आणि तुम्ही? तुम्ही मनातल्या मनात मित्राकडचा ५५ इंची पडदा आपल्या भिंतीवर टांगून मोकळे झालेले असता!

पण गंमत अशी, की हल्ली या खरेदीत तुमचा सल्ला घेतला जातो. ‘फोर-के म्हणजे काय रे?’, ‘हे स्मार्ट घ्यावं का गं?’ असं घरचे तुम्हालाच विचारतात. म्हणजे काय झालं? आई-बाबांनी महिनोन् महिने बाजूला टाकलेले पैसे तुमच्या एका शब्दावर खर्च व्हायचे! तेव्हा तो शब्द नीट तोलून-मापून दिलेला बरा, नाही का?

आपल्या देशात दूरचित्रवाणी सुरू झाली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंगीत चित्र आलं १९८२ साली. तेव्हा दुकानात गेलं की प्रश्न सोपा असायचा – काळा-पांढरा की रंगीत? आज दुकानाची भिंतच्या भिंत पडद्यांनी भरलेली असते आणि प्रत्येकावर दहा-दहा शब्दांची पट्टी. गोंधळायला होणारच. म्हणून आपण एकेक पायरी चढत जाऊ.

पहिली पायरी : पैसे मोजा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच. पण हे अंथरूण मोजायचं कसं? समजा, घरात २५,००० रुपये ठरले आहेत. मग २५,००० चाच टीव्ही घ्यायचा का? मुळीच नाही!

कारण टीव्हीबरोबर पाहुणेही येतात. भिंतीवर लावायची लोखंडी चौकट, ती बसवून देणाऱ्याची मजुरी, नवा एक्स्टेन्शन बोर्ड, लांबलचक वायर, कधी सेट-टॉप बॉक्स. दुकानात विचारा, ‘‘काका, यातलं खोक्यात काय काय येतं आणि वेगळे पैसे कशाचे?’’ नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! एकूण रकमेचा दहावा भाग यासाठी बाजूला ठेवा. २५,००० तून २,५०० गेले, उरले २२,५००. आता हा आकडा चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी दुकानात जाईपर्यंत हरवू नका.

दर महिन्याचा खर्चही आधीच धरा. वाहिन्यांचे पैसे, इंटरनेटचे पैसे, ॲपची वर्गणी. सरकारी ‘डीडी फ्री डिश’ला मात्र महिन्याचे पैसे पडत नाहीत, छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यावा लागतो. ज्या घरात महिन्याचा हिशेब काटेकोर असतो, तिथे ही गोष्ट फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी : इंच म्हणजे काय?

‘३२ इंची टीव्ही’ म्हणजे ३२ इंच रुंद टीव्ही, असं कितीतरी मोठ्या माणसांनाही वाटतं. तुम्ही मात्र फसू नका! हे माप असतं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, म्हणजेच कर्णाचं. आयताच्या कर्णाचा नियम आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेला आहे. शाळेत तोच पायथागोरसचा सिद्धान्त म्हणून येतो. भूमितीचा तास असा टीव्हीच्या दुकानात उपयोगी पडतो, बरं का!

जुन्या जाडजूड टीव्हीच्या पडद्याची रुंदी आणि उंची ४:३ या प्रमाणात असायची. आजच्या पडद्यांचं प्रमाण असतं १६:९. त्यावरून एक सोपी युक्ती निघते. इंचांना ०.८७ ने गुणलं की रुंदी, आणि ०.४९ ने गुणलं की उंची.

३२ इंची पडदा : सुमारे २८ इंच रुंद, पावणेसोळा इंच उंच.
४३ इंची पडदा : सुमारे साडेसदतीस इंच रुंद, २१ इंच उंच.

आता गंमत बघा. ३२ आणि ४३ मध्ये फरक अवघा ११ इंचांचा वाटतो. पण दोन्हींचं क्षेत्रफळ काढा. पहिल्याचं भरतं सुमारे ४३८ चौरस इंच, दुसऱ्याचं सुमारे ७९०. म्हणजे दुप्पट नाही, पण जवळजवळ पावणेदोन पटींहून थोडं जास्तच!

आणि दुसरी गंमत घरच्या शोकेसची. टीव्हीसाठीचा कप्पा तीन फुटांचा, म्हणजे ३६ इंचांचा असेल, तर ४३ इंची टीव्ही त्यात शिरणारच नाही. टेबलावर ठेवणार असाल, तर आणखी एक गोष्ट बघा. आजच्या पुष्कळ टीव्हींचे पाय मधोमध नसतात, दोन टोकांना असतात. टेबल अरुंद असेल तर एक पाय हवेत! म्हणून टेप घ्या, कप्पा मोजा, टेबल मोजा आणि आकडे चिठ्ठीवर उतरवा.

तिसरी पायरी : बसता कुठे?

आता भिंतीपासून बैठकीपर्यंतचं अंतर मोजा. आई, आजी, तुम्ही, जो जिथे रोज बसतो तिथून. पडद्याच्या इंचांची दीडपट ते अडीचपट, एवढं अंतर साधारण सोयीचं असतं. ३२ इंचांसाठी हे येतं ४ ते साडेसहा फूट आणि ४३ इंचांसाठी साडेपाच ते ९ फूट. खोली लहान असेल आणि पलंग पाच फुटांवरच असेल, तर ३२ इंची काही कमीपणाचा नाही. आठ फुटांवरून बघणार असाल, तर मात्र त्यावरची बारीक अक्षरं वाचताना आजीच्या कपाळाला आठ्या पडतील.

पूर्वी ३२ इंचांपर्यंत थांबण्याचं आणखी एक कारण होतं. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा करही १८ टक्के झाला. कर सोडून २०,००० किंमत असलेला मोठा टीव्ही आधी २५,६०० ला पडायचा, तो या हिशेबाने २३,६०० ला येतो. तेव्हा कुणी जुन्या माहितीवर ‘३२ च्या वर जाऊ नका, कर फार’ असं सांगितलं, तर त्यांना हे नम्रपणे सांगा!

चौथी पायरी : ठिपक्यांचा हिशेब

टीव्हीचं चित्र म्हणजे रांगोळीच. ठिपक्यांची! या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात.

एचडी रेडी : १३६६ × ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके.
फुल एचडी : १९२० × १०८०, सुमारे पावणेएकवीस लाख.
फोर-के : ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख.

‘मग ८३ लाखवालाच घेऊ!’ थांबा, थांबा. हे ठिपके मोजणार कोण? आपले डोळे. डोळ्यांच्या दवाखान्यात तक्ता असतो ना, त्यात धडधाकट डोळ्याने वाचायच्या अक्षराची प्रत्येक रेघ अंशाच्या साठाव्या भागाएवढी असते. दोन ठिपके याहून जवळ आले, की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत. हिशेब केला, तर ३२ इंची एचडी रेडी पडद्याचे ठिपके सुमारे सहा फुटांपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचे साडेपाच फुटांपलीकडून. फोर-केचे ठिपके तर तीन फुटांवरूनही दिसणार नाहीत. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसंच हे!

म्हणजे काय, की तुम्ही सात-आठ फुटांवर बसत असाल, तर ४३ इंचांत फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक ओळखणं कठीण. शिवाय येणारं चित्रही तेवढ्या ठिपक्यांचं हवं. साध्या वाहिन्यांचं चित्र फोर-के पडद्यावर आलं, तरी टीव्ही ते ताणून मोठं करतो. नवे तपशील कुठून आणणार? म्हणून दोन टीव्ही एकाच किमतीला मिळत असतील, तर फोर-के जरूर घ्या. पण केवळ त्या नावापायी खिशाबाहेर जाऊ नका.

पाचवी पायरी : दुकानातली परीक्षा

दुकानात सगळेच पडदे झगमगत असतात. कारण तिथे खास तयार केलेली चित्रफीत लावलेली असते – पोपट, फुलं, समुद्र! आणि रंग पूर्ण भडक केलेले. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. तुम्ही अशी परीक्षा घ्या :

१) चित्र ‘स्टँडर्ड’ वर करायला सांगा. भडकपणा उतरला, की खरा चेहरा दिसतो.
२) रोजची बातम्यांची वाहिनी नाहीतर क्रिकेटचा सामना लावायला सांगा. चेंडूमागे शेपूट दिसतं का? माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात का, की टोमॅटोसारखे?
३) घरून पेन-ड्राइव्ह न्या. त्यात तुमच्या घरातले फोटो असू द्यात. आईच्या साडीचा रंग तुम्हाला पाठ असतो. तो बरोबर आला का, ते दुसऱ्या कुणालाही तुमच्याइतकं सांगता येणार नाही!
४) बाजूला सरकून उभे राहा. काही पडद्यांत काळा रंग छान गडद दिसतो, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. काहींत याच्या उलट. तुमच्या घरी आजीची खुर्ची कोपऱ्यात असेल, तर बाजूने चांगलं दिसणारा पडदा घ्या. सगळे समोरच बसत असाल, तर पहिल्या प्रकारचा चालेल.
५) आवाज ऐका. पातळ टीव्हीत मोठे स्पीकर मावत नाहीत आणि तोंडही बहुतेक खाली असतं. गाणं लावू नका, बोलणं लावा. शब्द स्वच्छ ऐकू आले, म्हणजे पास!

हे सगळं विचारायला पैसे पडत नाहीत. फक्त शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, म्हणजे दुकानातल्या दादांना वेळ असतो.

सहावी पायरी : भारी-भारी शब्द

‘एलईडी’ : हा पडद्याचा वेगळा प्रकार नव्हे. पडदा एलसीडीचाच, त्याच्या मागे उजेड द्यायला एलईडी दिवे.

‘क्यूएलईडी’ : त्याच एलसीडी पडद्यात अतिसूक्ष्म कणांचा थर. या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. त्यांचा शोध आणि निर्मिती यांसाठी तीन शास्त्रज्ञांना २०२३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याने रंग खुलतात खरे, पण मागचा उजेडच मंद असेल तर काय उपयोग?

‘ओएलईडी’ : यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. चित्र देखणं, पण आपल्या चिठ्ठीवरच्या आकड्यात तो बसणारा नाही. लांबून नमस्कार करा आणि पुढे चला.

‘एचडीआर’ : उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त खरा दाखवण्याची पद्धत. पण त्यासाठी पडदा पुष्कळ उजळ असावा लागतो. स्वस्त टीव्ही हा संकेत नुसता वाचतो. दाखवायची ताकद बेताचीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

‘हर्ट्झ’ : पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, तो आकडा. साध्या टीव्हीत तो ६० असतो. खोक्यावर याहून बरेच मोठे आकडे ‘मोशन’च्या नावाखाली छापलेले असले, तर ‘मूळ पडदा किती हर्ट्झचा?’ एवढंच विचारा.

सातवी पायरी : टीव्हीचं डोकं

स्मार्ट टीव्ही म्हणजे पडदा लावलेला छोटा संगणकच. पडदा आठ-दहा वर्षंही टिकेल, पण डोकं आधी म्हातारं होतं. ॲप मोठी होत जातात, टीव्हीची स्मृती तेवढीच राहते. एक जीबी रॅमपेक्षा दोन जीबीचा टीव्ही बरा. तुम्हाला हवी ती ॲप दुकानातच उघडून दाखवायला सांगा. काही स्वस्त टीव्हींत ठरावीक ॲप चालतच नाहीत.

पण यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे डोकं मंदावलं, तर एचडीएमआयच्या खाचेत लावायची छोटी स्टिक मिळते. पूर्ण टीव्ही बदलावा लागत नाही. म्हणजेच पैसे बेताचे असतील, तर आधी चांगला पडदा निवडा. डोकं नंतर बदलता येतं, पडदा बदलता येत नाही! एचडीएमआयच्या खाचा मात्र किमान दोन असू द्यात.

आठवी पायरी : विजेचं बिल

टीव्हीवर ताऱ्यांचं लेबल असतं आणि त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल, हेही छापलेलं असतं. हिशेब तुम्हीही करू शकता. समजा, एक टीव्ही ४५ वॅटचा, दुसरा ७५ वॅटचा आणि रोज पाच तास चालू. पहिल्याला वर्षाला सुमारे ८२ युनिट लागतील, दुसऱ्याला १३७. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला ४४० रुपयांचा फरक. आठ वर्षांत साडेतीन हजार! आपल्या घरचा दर बिलावर बघा आणि स्वतः गणित करा.

स्टॅबिलायझर घ्याच, असा आग्रह झाला तर टीव्हीच्या मागची पट्टी वाचा. तिथे किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, ते दिलेलं असतं. १०० ते २४० असेल, तर विजेच्या साध्या चढ-उताराने त्याचं बिघडत नाही. मात्र वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. हे काम पहिली वीज कडाडण्याच्या आधीच करायचं, नंतर नाही!

नववी पायरी : हप्ता गोड, व्याज लपलेलं

‘बिनव्याजी हप्ते!’ पाटी मोठी असते. पण जगात फुकट काही मिळतं का? समजा, टीव्ही २४,००० चा, सहा हप्ते, प्रत्येकी ४,०००. वाटलं, व्याज शून्य. आता विचारा, ‘‘रोख दिले तर केवढ्याला द्याल?’’ उत्तर आलं, २२,५००. मग हे १,५०० कशाचे? तेच व्याज! आणि ते लहान नाही. तुम्ही पैसे दर महिन्याला फेडत जाता, म्हणून हिशेब केला तर वर्षाला सुमारे २२ टक्के दर पडतो. वर ‘प्रोसेसिंग’चे पैसे वेगळे.

हप्ता वाईटच, असं नव्हे. काही घरांना तोच मार्ग परवडतो. फक्त रोखीची किंमत आधी विचारा, मग हप्त्याची.

दहावी पायरी : कागद सांभाळा

खोक्यावर एमआरपी असते. त्यात सगळे कर आलेले असतात आणि त्याहून जास्त पैसे कुणी मागू शकत नाही. कमी मात्र नक्की करू शकतं! उत्पादनाचा महिना आणि वर्षही तिथेच असतं. दीड-दोन वर्षांपूर्वीचा माल असेल, तर तो जुना असल्याचं सांगून सवलत मागा. बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा.

वॉरंटी किती, आणि पडद्यासाठी किती, हे लिहून घ्या. पडदा फुटला वा बिघडला, तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जाऊ शकतो. तुम्ही तालुक्याच्या गावी राहत असाल, तर दुरुस्तीवाला कुठून येतो, हे विकत घेण्याआधी फोन करून विचारा. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेलचा क्रमांक हवाच. टीव्ही घरी आला, की खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा आणि खोकं महिनाभर टाकू नका. तरीही अडलंच, तर ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

आणि जुना जाडजूड टीव्ही? तो फोडू नका, फोडू देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं. बदल्यात घेणाऱ्या दुकानाला किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.

आता मनातलं थोडं

दोस्तांनो, एक गोष्ट कुठल्याच पट्टीवर छापलेली नसते. विक्रेत्यासमोर तुम्ही ‘तोच हवा, तोच हवा’ असा हट्ट धरलात, की घासाघीस तिथेच संपते. बाबांना ‘परवडत नाही’ हे चारचौघांत म्हणायला लागतं. ते त्यांना किती जड जातं, हे तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. कदाचित ते म्हणणारही नाहीत, गुपचूप जास्तीचे पैसे देतील आणि मग पुढचे तीन महिने आईचा चष्मा तसाच राहील. म्हणून जे बोलायचं ते घरी बोला, चिठ्ठी समोर ठेवून. मोठा टीव्ही का हवा, हे कारणासह सांगा. आई-बाबा ऐकतात, पण आकडे दाखवले तर जास्त ऐकतात!

आणि सगळा हिशेब करून ‘यंदा नको, पुढच्या दिवाळीला बघू’ असं ठरलं, तर? तर तोही तुम्ही केलेलाच निर्णय. मित्राकडचा टीव्ही ५५ इंची असला, म्हणून त्याच्याकडे सामना बघायला जायचं तुम्ही थोडंच थांबवणार आहात?

तर मग, या रविवारी टेप शोधा. शिवणाच्या डब्यात असेल बघा! भिंत मोजा, कप्पा मोजा, आजीच्या खुर्चीपासूनचं अंतर मोजा. चिठ्ठीवर पाच ओळी लिहा : पैसे किती, कप्पा केवढा, अंतर किती, काय बघणार, दुरुस्तीवाला कुठे. ती चिठ्ठी आई-बाबांच्या हातात द्या. आणि दुकानात गेल्यावर, पोपट-फुलांची चित्रफीत सुरू झाली की म्हणा, ‘‘काका, जरा बातम्या लावता का?’’